चरोद्याला जाऊन आलेली डाळ

आमच्या महालक्ष्म्यांच्या पुरणाची डाळ दरवर्षी रेल्वेनं प्रवास करते. तिकीट माझं काढतात, डाळ सामानात जाते.

ऐकणाऱ्याला वाटतं, काही नवसबिवस असेल. तसं काही नाही. ह्यात देवाचा हात नाही, सगळा माझा आहे. (माझा हात कुठं कुठं लागला आहे त्याची यादी आमच्या घरी तोंडपाठ आहे. मिक्सर, गिझर आणि थोरल्या साडूंची नवीन मोटार, ह्या क्रमानं.)

मी भिलाईच्या पोलाद कारखान्यात ऊर्जा बचतीच्या विभागात काम करतो. ही गोष्ट घडली तेव्हा सव्वीस वर्षं झाली होती. काम म्हणजे मुख्यतः बोलायचं. कामावर नवीन रुजू झालेल्या पोरांना एका खोलीत बसवतात आणि मी त्यांना सांगतो की उष्णता कुठून कुठून गळते, ती कशी अडवायची, इंधन कसं जपायचं. माझं व्याख्यान एका प्रश्नानं सुरू होतं, "सांगा, तुमच्या घरात उष्णता सगळ्यात जास्त कुठून गळते?" पोरं म्हणतात खिडकी, पोरं म्हणतात गिझर. मी हसून मान हलवतो आणि मग आमच्या घराचं उदाहरण देतो. आमच्या घरचा गॅसचा सिलेंडर आख्ख्या सेक्टरात सगळ्यात जास्त टिकतो. हे शंभर टक्के खरं आहे. पोरं माझ्याकडे आदरानं बघतात आणि मी तो आदर नम्रपणे स्वीकारतो.

आता खरं सांगायला हरकत नाही. तो सिलेंडर सुनंदा टिकवते. सुनंदा म्हणजे माझी बायको, माहेर वर्ध्याचं. ही बाई डाळ-तांदूळ आधी भिजवल्याशिवाय चुलीजवळ नेत नाही. पातेल्यावर झाकण नसेल तर तिला पातेलं उघडं पडल्यासारखं वाटतं. उकळी फुटली की तिचा हात आपोआप गॅसच्या बटणाकडे जातो, बोलता बोलता, तिकडे न पाहता. कुकर एकदाच लावते, त्यात तीन डबे, आणि तो निवत असताना त्याच्या डोक्यावर तुपाची वाटी ठेवून तूप पातळ करून घेते. मी ह्या सगळ्याचे तक्ते काढले, रंगीत केले, आणि व्याख्यानात दाखवले. तिचं नाव घालायला तक्त्यात जागा उरली नाही.

तर त्या वर्षी आमच्याकडे पहिल्यांदा महालक्ष्म्या बसणार होत्या.

हे किती मोठं प्रकरण होतं ते सांगतो. आमच्या महालक्ष्म्या थोरल्या दादाकडे, दुर्गच्या मोहन नगरात बसायच्या. तीस वर्षं वहिनींनी केल्या. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, चाळीस पानं. आणि ह्या तीस वर्षांत सुनंदानं काय केलं? खोबरं खोवलं. दरवर्षी पहाटेच्या लोकलनं जाऊन, मागच्या खोलीत बसून, बारा-पंधरा नारळ खोवून परत आली. कधी बोलली नाही. पण परत येताना गाडीत गप्प असायची, आणि ते मला कळायचं. शेवटी वहिनींच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. मुखवटे आमच्या क्वार्टरात आले. मुखवट्यांच्या मागून वहिनी आल्या, पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसल्या आणि सगळ्यांदेखत सांगितलं.

"सुनंदा, मी बोट लावणार नाही. एक वाजता नैवेद्य अन् चाळीस पानं बरोबर झाली तं देवी इथं राहीन. नाही झाली तं पुढच्या साली मी घेऊन जातो. गुडघे गेले चुलीत."

सुनंदा म्हणाली, "हो ताई." एवढंच. पण तिनं पदर खोचला तो मी पाहिला.

अडचण एकच होती. आमच्याकडे गॅस दोन बर्नरचा. एकावर सोळा भाज्यांची रांग, दुसऱ्यावर आंबील, कढी, भात. चाळीस माणसांच्या पुरणाची डाळ शिजायला तास-दीड तास बर्नर अडवून बसली की भाज्यांचं वेळापत्रक कोलमडणार. सुनंदा शेजारणीकडून शेगडी आणायचं बोलत होती. तेवढ्यात मी घसा खाकरला.

मला कल्पना सुचली होती. आमच्या कारखान्यात वितळलेलं लोखंड एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेतात तेव्हा त्या प्रचंड बादलीला आतून जाड अस्तर असतं, वरून झाकण असतं. आग खाली नाही, तरी आतलं लोखंड थंड होत नाही. मग डाळीनं काय घोडं मारलं आहे? डाळीला एक सणसणीत उकळी द्यायची, पातेलं झाकून जाड अस्तराच्या पेटीत बंद करायचं, आणि चार तास विसरून जायचं. आतल्या आत, स्वतःच्याच उष्णतेवर डाळ शिजते. गॅस वाचतो आणि बर्नरही मोकळा होतो.

पेटी घरात होतीच. आमचे वडील वर्ध्याहून कारखान्यात भरती व्हायला आले तेव्हा भिलाईतल्या कॅम्प-१ च्या बाजारातून त्यांनी दोन सारख्या हिरव्या पत्र्याच्या पेट्या घेतल्या होत्या. वाटणीत एक दादाकडे गेली, एक माझ्याकडे. (दुसरं वाटण्यासारखं काही नव्हतं.) दादाच्या पेटीत महालक्ष्म्यांचे मुखवटे राहायचे, त्यामुळे तीही आता मुखवट्यांबरोबर आमच्याकडे आली होती. माझ्या पेटीत मी पैरा भरला. पैरा म्हणजे भाताचं वाळलेलं तणस, आमच्याकडे गायीला घालतात. त्यावर जुनी रजई, मधोमध पातेल्याला गोल घर, वरून गादी. झाली गरम पेटी.

श्रावणातल्या सलग चार रविवारी मी तिची चाचणी घेतली. चारही रविवारी डाळ कच्ची राहिली. दाताखाली कटकट वाजायची. मी डाळीला दोष दिला, मग पाण्याला, मग पैऱ्यातल्या ओलाव्याला. सुनंदा दाराशी उभी राहून सगळं पाहायची. एकदा तिनं विचारलं, "तुमी ते झाकण इतक्या खेपा कावून उघडून राहिले जी?"

"तापमान लिहायला," मी म्हणालो. माझ्याकडे थर्मामीटर होता, वही होती. दर वीस मिनिटांनी नोंद. "नोंद नसली तर प्रयोग कसला?"

"हं," ती म्हणाली आणि भांडी आवरायला गेली. तिच्या त्या 'हं' मध्ये किती ऐवज होता हे मला पुढं चरोद्यावरून परतल्यावर कळलं.

सणाच्या आदल्या संध्याकाळी महालक्ष्म्या बसल्या. दादाच्या पेटीतून मुखवटे निघाले, आणि रिकाम्या पेटीत सुनंदानं जोडसमई आणि मखराची जादाची झालर भरून ठेवली. ती पल्लवीसाठी. पल्लवी दादाची मुलगी, भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत दिली आहे. तिच्या सासरीही महालक्ष्म्या असतात. तिचे यजमान सकाळी येऊन पेटी घेऊन जाणार आणि तसेच यार्डात ड्युटीवर जाणार, असं ठरलं होतं. पेटी मागच्या व्हरांड्यात ठेवली.

सणाच्या दिवशी सकाळी सात वाजता सुनंदानं रात्रभर भिजवलेल्या डाळीला पंधरा मिनिटं उकळी दिली आणि पातेलं माझ्या हवाली केलं. मी ते गरम पेटीत उतरवलं, गादी दाबली, झाकण लावलं, वरून दोरी आवळली आणि एक चिठ्ठी चिकटवली. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'अकराच्या आधी उघडू नये.' ही चिठ्ठी लोकांसाठी होती. मी स्वतः तिच्या कक्षेत येत नव्हतो.

इथं एक बारीकशी गोष्ट घडली. गरम पेटी आतल्या खोलीत होती आणि वर पंखा फिरत होता. पंख्याचा वारा! पत्र्यावरून उष्णता पळवणार! सव्वीस वर्षं जे शिकवलं ते ऐन वेळी विसरणारा माणूस मी नव्हे. मी गरम पेटी उचलून मागच्या व्हरांड्यात आडोशाला नेली, आणि तिथली समईची पेटी आत आणून पंख्याखाली ठेवली. दोन्ही पेट्या हिरव्या, दोन्ही कॅम्प-१ च्या. माझं समाधान झालं.

पावणेआठला जावईबापू आले. मी पुढच्या खोलीत दादाच्या पाहुण्यांना एलईडी दिव्याचे फायदे समजावून सांगत होतो. त्यांनी विचारलं, "काका, पेटी?" मी बोलण्याचा ओघ न तोडता हात मागे केला आणि म्हणालो, "मागच्या व्हरांड्यात. हिरवी आहे."

ते मालवाहू ऑटो घेऊन आले होते. जाताना म्हणाले, "बऱ्यापैकी वजनदार आहे जी, काका."

"पितळ आहे," मी म्हणालो.

साडेआठला मी थर्मामीटर घेऊन व्हरांड्यात गेलो. (फक्त एकच नोंद घ्यायची होती.) व्हरांडा रिकामा होता. मग मी आत गेलो. पंख्याखाली हिरवी पेटी छान गार होत बसली होती. उघडली. समई.

हातात थर्मामीटर होता म्हणून मी समईचंच तापमान घेतलं.

चाळीस माणसांचं पुरण चरोद्याला गेलं होतं. पुढच्या खोलीत वहिनी खुर्चीवर होत्या, आणि त्यांनी नेमकं तेव्हाच विचारलं, "भाऊजी, दाळ कुठलोक आली?"

"वाटेत आहे," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं.

मी जावईबापूंना फोन लावला. ड्युटीवर गेले की ते बंद ठेवतात. पल्लवीला लावला. वाजला, वाजला, थांबला. पुन्हा लावला. सणाच्या दिवशी सोवळ्यात असेल, फोन शिवत नसेल, असं मी स्वतःला समजावलं आणि स्वयंपाकघरात जाऊन सुनंदाला खालच्या आवाजात सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, निदान रागावेल. ती कारल्याची भाजी परतत होती. तिनं गॅस बारीक केला.

"मंग जा तुमी," ती म्हणाली. "पेटी आना. अन् जाता जाता ते समईची पेटी घेऊन जा पल्लवीची."

"नको. स्कूटरवर वजन वाढलं की माइलेज पडतं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "जा."

माइलेजचं आता सांगायलाच हवं. त्या आठवड्यात माझी आणखी एक चाचणी चालू होती. स्कूटरची टाकी पूर्ण रिकामी करून तीत मोजून एक लिटर पेट्रोल घातलं होतं. स्कूटर कुठं बंद पडते ते पाहायचं आणि किलोमीटर लिहून घ्यायचे. शास्त्रशुद्ध पद्धत आहे. फक्त ती चालू असताना घरात सण नसावा.

निघालो. वेळ निघून जात होता, वहिनी घड्याळ बघत होत्या, आणि मी चाळीसच्या वेगानं चाललो होतो, कारण त्या वेगाला माइलेज उत्तम मिळतं. सव्वीस वर्षांची सवय अशी सुटते का? पॉवर हाऊसच्या चौकात सिग्नल लाल झाला तसं मी इंजिन बंद केलं. हिरवा झाला तेव्हा ते चालू होईना. मागून हॉर्न, शिव्या, एका माणसानं माझ्या वयाचा उल्लेख केला. चौथ्या खेपेला चालू झालं. खुर्सीपार मागे पडलं, भिलाई-तीन आलं, आणि तिथून थोडं पुढं, भर जीई रोडवर, स्कूटर एक उसासा टाकून थांबली. मी काट्याकडे पाहिलं. सदुसष्ट किलोमीटर! माझा आजवरचा सर्वोत्तम आकडा! मी रस्त्याच्या कडेला उभा राहून वही काढली आणि लिहून घेतला. मग आठवलं की मी कुठं निघालो होतो.

स्कूटर एका पानठेल्यापाशी लावली आणि पायी निघालो. मागून एक सायकल आली. चालवणारा सत्तरीचा, डोक्याला गमछा, हँडलला भाजीची पिशवी.

"का होगे साहेब?"

"पेट्रोल खतम."

"सिरा गे?" म्हणजे संपलं का, असं विचारून तो हसला. "त बइठ. मोर गाड़ी म पेट्रोल नइ लागय."

मी मागच्या कॅरिअरवर बसलो. माझं वजन ब्याऐंशी किलो. तो गडी एका लयीत पायडल मारत राहिला, ना दम लागला, ना वेग कमी झाला. लेकीकडे चरोद्याला चालला होता. त्यानं विचारलं, साहेब कुठं काम करता. मी सांगितलं, कारखान्यात, ऊर्जा बचतीच्या विभागात. लोकांना इंधन वाचवायला शिकवतो.

त्यानं शंभरेक पायडल मारले. मग म्हणाला, "बने करथव." म्हणजे चांगलं करता. त्याच्या आवाजात टोमणा शोधायचा मी फार प्रयत्न केला. नव्हता. हेच जास्त लागलं.

पल्लवीच्या दारात उतरलो तेव्हा दहा वाजत आले होते. आत पाऊल टाकलं आणि थबकलो. महालक्ष्म्यांच्या उजव्या हाताला, पाटावर, माझी गरम पेटी बसली होती. खाली रांगोळी. वर हळदकुंकवाची बोटं, जास्वंदाचा हार, समोर उदबत्ती. आणि हाराच्या मधोमध माझ्या अक्षरात, 'अकराच्या आधी उघडू नये.' पल्लवीच्या सासूबाई पेटीसमोर हात जोडून उभ्या होत्या.

"काका, आले का तुमी," पल्लवी म्हणाली. तिला अजिबात आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. पण तेव्हा ते माझ्या ध्यानात आलं नाही. "अन् मायी समईची पेटी?"

मी उत्तर टाळलं. खिशातला थर्मामीटर काढला आणि म्हणालो की एकदाच, जरासंच झाकण वर करून आतली परिस्थिती पाहतो. पल्लवीनं माझा हात धरला. "काका, अकरा कुठं वाजले? सासूबाई पाहून राहिल्या. देवाची पेटी अशी उघडते का कोनी?"

सासूबाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की थर्मामीटर आपोआप खिशात गेला.

पुढचं सगळं त्यांनीच केलं. शेजारचे दोघे बोलावले, पेटी हारासकट उचलली, स्टेशनवर नेली, दुर्गकडे जाणाऱ्या लोकलमध्ये चढवली. मी मागून चाललो होतो. डब्यात शिरताच लोक आपोआप बाजूला सरकले. एका तरुणानं उठून जागा दिली. मी बसायला वाकलो तर तो म्हणाला, "अंकल, पेटी रखिए." पेटी बसली. मी उभा.

एक म्हातारी आली, पेटीला हात लावून डोळ्यांना लावला, आपल्या अंबाड्यातलं झेंडूचं फूल काढून वर वाहिलं आणि मला विचारलं, "कोन देवी ए, बेटा?"

मी काय सांगणार? चण्याची डाळ? "महालक्ष्मी," मी म्हणालो. आजूबाजूच्या चार जणांनी हात जोडले. माझा थर्मामीटर खिशात चुळबुळत होता. पण आता त्या पेटीचं झाकण उघडायची हिंमत कुठल्या ऊर्जा अधिकाऱ्यात होती? भिलाई-तीन, खुर्सीपार, सगळं खिडकीतून मागे गेलं. त्यात एका पानठेल्यापाशी उभी असलेली माझी स्कूटर कुठंतरी होती. सदुसष्ट किलोमीटर.

आमच्या पॉवर हाऊस स्टेशनवर उतरलो, ऑटो केला, आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी दारात आलो. हार घातलेली पेटी पाहून वहिनी खुर्चीवरून उठल्या. गुडघ्यांसकट. त्यांनी दारातच पेटीवर पाणी ओवाळून टाकलं, कुंकू लावलं आणि मग विचारलं की हे काय आहे. मी म्हणालो, "दाळ." वहिनी पुन्हा खुर्चीवर बसल्या आणि सुनंदाकडे पाहू लागल्या. सगळं घर सुनंदाकडे पाहू लागलं.

सुनंदानं हार काढून बाजूला ठेवला. दोरी सोडली. झाकण उचललं, गादी काढली, पातेल्यावरचं ताट सरकवलं. वाफेचा एक लोट वर आला आणि तिच्या चष्म्यावर बसला. आमच्यात नैवेद्य दाखवेपर्यंत चव घेत नाहीत, म्हणून डाळ चाखून कुणी पाहणार नव्हतं. तिनं एक दाणा बोटांत घेतला आणि दाबला. तो लोण्यासारखा पसरला. तिनं दुसरा दाबला. तोही. मग तिनं ते बोट वहिनींच्या समोर धरलं.

वहिनींनी पाहिलं आणि मान डोलावली.

त्यानंतर स्वयंपाकघरात जे चाललं त्याला मी यंत्र म्हणत नाही, कारण आमच्या कारखान्यातलं कुठलंही यंत्र इतकं बिनबोभाट चालत नाही. दोन्ही बर्नर मोकळे होते. सोळाच्या सोळा भाज्या झाकणाखाली तयार होत्या. एकावर गूळ-डाळ आटायला ठेवली, दुसऱ्यावर तवा. पुरण वाटलं, पोळ्या लाटल्या, कुठं धावपळ नाही, कुठं आवाज नाही. एक वाजता नैवेद्य दाखवला. पावणेदोनला चाळीस पानं बसली. मी कोपऱ्यात बसून पाहत होतो आणि माझ्या मनात येत होतं की सव्वीस वर्षं मी ह्या बाईच्या कामाची चित्रं काढून पगार घेतला.

जेवणं झाल्यावर वहिनींनी सुनंदाला जवळ बोलावलं. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "सुनंदा, इतकी नरम दाळ माया हातून तीस सालात नाही शिजली. मुखवटे इथंच राहू दे." सुनंदा वाकून पाया पडली. उठताना तिचे डोळे भरले होते. ती नारळ खोवण्याची तीस वर्षं तिथं संपली.

माझा ऊर भरून आला. शेवटी पेटी कुणाची? मी पुढे झालो आणि नम्रपणे म्हणालो की तत्त्व साधं आहे, अस्तर जाड असलं की...

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "पन हे पेटी चरोद्याले गेली कशी?"

मी जावईबापूंचं नाव घ्यायला तोंड उघडलं. सुनंदा मध्येच बोलली.

"मी पाहिलं होतं ताई. जावईबापू ऑटोत ठेवत होते तवा मी खिडकीतच होतो."

मी विचारलं, "मग थांबवलं कावून नाही?"

"थांबवनारच होतो. तोंडापर्यंत आलं होतं. मंग मनात आलं का जाऊ द्या. घरी राहिली तं तुमी उघडसान. चार ऐतवार मी पाहिलं. पेटी बिचारी चांगलं काम करते, तुमीच तिले करू देत नाही." ती पदरानं हात पुसत सांगत होती, भांडणाचा सूर नाही, काही नाही. "पल्लवीले फोन करून सांगितलं का पेटीले हार घाल, कुकू लाव, म्हंजे कोनी हात लावनार नाही. अन् काकाचा फोन आला तं उचलू नको."

"माझा फोन का नाही उचलायचा?"

"तुमी फोनवर सांगितलं असतं, पल्लवी, जरा उघडून तापमान पाह्य."

मी खरंच तेच सांगणार होतो.

"आणि डाळ नसती शिजली तर?"

"नैवेद्यापुरती दोन वाट्या मी कुकरात, भाताच्या डब्यावर शिजवून ठेवली होती," सुनंदा म्हणाली. "पन चाळीस लोकांसाठी त्या पेटीवर भरोसा होता माया. तुमच्यावर नवता."

दादा तोंडात विडा असताना हसले, त्यामुळे माझ्या नवीन शर्टाचं जे झालं ते झालं. वहिनींनी मात्र गंभीरपणे मान हलवली आणि निकाल दिला. पुढच्या साली महालक्ष्म्या इथंच. पुरण ह्याच पेटीत. आणि पेटी चरोद्याला जाईल, भाऊजींच्या हातानं, झाकणावर हार घालून, लोकांनी भरलेल्या डब्यातून, म्हणजे वाटेत उघडता येणार नाही.

तेव्हापासून हाच रिवाज आहे. सकाळी सात वाजता डाळ पेटीत जाते, सुनंदा स्वतः हार घालते, आणि माझे खिसे तपासून थर्मामीटर काढून घेते. मी लोकलनं चरोद्याला जातो, पल्लवीच्या हातचा चहा पितो, तिच्या सासूबाई पेटीची आरती करतात, आणि अकराला मी घरी असतो. डाळ एकदाही कच्ची राहिलेली नाही. पॉवर हाऊसच्या स्टेशनवर आता काही लोक मला ओळखतात. पेटीला नमस्कार करतात, मला नुसतं 'राम-राम' घालतात.

व्याख्यानं अजून चालू आहेत. तक्त्यांवर आता सगळ्यात वर सुनंदाचं नाव आहे, मोठ्या अक्षरांत, लाल रंगात. सुरुवातीचा प्रश्न तोच आहे, घरात उष्णता सगळ्यात जास्त कुठून गळते? पोरं म्हणतात खिडकी, पोरं म्हणतात गिझर. मी हसून मान हलवतो आणि छातीवर बोट ठेवतो. मग एखादा विचारतोच की सर, ही गळती थांबवायला सगळ्यात स्वस्त उपाय कोणता?

मी खिशातून काढून दाखवतो. चरोद्याचं परतीचं तिकीट.